ओस्कोच्या दोनशे बारा खिडक्या

९ जानेवारी १९७९, मंगळवार

आमच्या 'मुक्तसूर्य' कॉमिकचा सतरावा अंक छापून आला. आणि पान चौदा — काय उतरलंय! पानभर एकच चित्र. बंडखोरांची नायिका थेरा अवकाशाच्या पोकळीत झेपावलेली, दोन्ही मुठींतून आग, आणि खाली सम्राटाचा चंद्र ओस्को मधोमध फुटतोय. चित्रकार कॅझने काढला तेव्हा तो चंद्र होता. मी रंगवला तेव्हा पेटला! हे माझं मीच लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी म्हणणार नाही. पहिल्या पानावर लेखकाचं नाव ठळक, चित्रकाराचं ठळक. रंग करणारीचं नाव मुंगीच्या अक्षरात. जसं काही रंग आपोआप उगवतात!

खरी करामत खिडक्यांची. ओस्कोच्या काळ्या पोटावर कॅझने बारीक खिडक्या काढल्या होत्या, रांगेने, चौकटींसकट. शाई चढवलेल्या पानाची फोटोप्रत माझ्याकडे येते, तिच्यावर मी रंग भरून देते आणि ते बघून छापखाना साचे करतो. त्या प्रतीत खिडक्या नुसत्या कोऱ्या. मी एकेक पिवळी केली. तीस वर्षांचा माझा नियम — रात्र आणि खिडकी म्हटलं की पिवळा, नाहीतर पान मरतं. दोन दुपारी त्यातच गेल्या. कुंचल्याला टोक आणायला तोंडात घालायची खोड काही जात नाही. तिसऱ्या दिवशीही जीभ पिवळी होती. कोपऱ्यावरच्या खाटकाने विचारलं, "बर्निस, कावीळ?"

११ जानेवारी

आज मार्टीला झापलं. मार्टी ग्रेडर, आमचा लेखक, वय सव्वीस, दाढी तीन आठवड्यांची. विचारतो, थेराचा झगा लाल सांगितला होता, जांभळा का केलात? सांगितला कुठे? म्हणे, मूळ पानाच्या समासात लिहिलं होतं — निळ्या पेन्सिलीने!

"अरे शहाण्या," म्हटलं, "निळी पेन्सिल कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून तर चित्रकार कच्च्या रेषा निळ्या मारतात, छापताना त्या गायब होतात. मूळ पान मी बघतच नाही. मला मिळते कॅमेऱ्याने काढलेली प्रत. तुझा निरोप हवेत गेला!"

"मग लिहू कशाने?"

"काळ्याने. किंवा फोन उचल. तोंड आहे ना?"

झगा जांभळाच बरा दिसतो, तो भाग वेगळा.

१ फेब्रुवारी, गुरुवार

दर गुरुवारी मी ऑफिसात रंगीत प्रती द्यायला जाते. आज मार्टीने एक पत्र हातात दिलं. मिनेसोटातली एक नर्स, वर्षानुवर्षं रात्रपाळी करणारी. भाचा अंक विसरून गेला म्हणून तिने वाचला.

"मी खिडक्या मोजल्या. दोनशे बारा. माझ्या वॉर्डाच्या खिडकीत दिवा असतो तेव्हा आत मी जागी असते. ओस्कोवर कोण जागं होतं? आणि थेरा त्याच पानावर म्हणते — 'आज एकही जीव न घेता आपण जिंकलो!' तिला दिसत नाही का?"

दोनदा वाचलं. बाई हुशार आहे. पण सुतावरून स्वर्ग गाठतेय. खिडक्या पिवळ्या आहेत, कारण मला पिवळा हवा होता. बस्स.

६ फेब्रुवारी

बस्स कुठलं! सत्तेचाळीस पत्रं. सगळी त्या खिडक्यांवर.

आमच्याकडे काम असं चालतं — मार्टी दोन पानांत नुसती गोष्ट टाइप करतो, कॅझ त्याची बावीस पानं काढतो, आणि मग चित्रं बघून मार्टी पात्रांच्या तोंडी वाक्यं घालतो. मार्टीने टाइप केलं होतं — 'दारूगोळ्याचं कोठार. रिकामा चंद्र.' कॅझने खिडक्या काढल्या. मार्टीला त्या नक्षी वाटल्या, त्याने एकही जीव न घेतल्याचं वाक्य घातलं. शेवटी मी आले आणि घरोघरी दिवे लावले. तिघांपैकी कोणी कोणाला विचारलं नाही. आता बंडवाल्यांची लाडकी थेरा खुनी ठरलीय!

मार्टी आधी चिडला. "मी तिला स्वच्छ ठेवलं होतं, तुम्ही तिच्या हाताला रक्त लावलंत!" दुपारी सँडविच खाऊन परत आला तो डोळे चमकत. विसाव्या अंकात थेरावर खटला चालवायचा. सम्राटाने नव्हे, तिच्याच लोकांनी. बंड न्याय्य असलं तरी या खिडक्यांचं काय, हे तिला भर सभेत विचारायचं.

पोरात दम आहे. त्याला सांगितलं मात्र नाही.

९ फेब्रुवारी

हर्बने बोलावलं. हर्ब वेक्सलर, संपादक. टेबलावर कापडी थेरा. एक खेळण्यांची कंपनी ख्रिसमसला बाहुल्या काढणार आहे.

"तुला पिवळा कोणी सांगितला?"

"कोणी नाही. तीस वर्षांत मला कोणीही काहीही सांगितलेलं नाही."

"बर्निस, दोनशे माणसं मारलेली बाहुली कोणती आई घेईल?"

मग गोडीत आला. वाचकांच्या पानावर माझ्या सहीने चार ओळी छापायच्या — रंगाची चूक, खिडक्या रिकाम्या होत्या, क्षमस्व. खटलाबिटला रद्द. सोळा मार्चला ते पान छापायला जातं, तोवर पत्र हवं. नाही दिलं तर पुढच्या अंकापासून 'मुक्तसूर्य'चे रंग दुसरं कोणी करेल.

"मी चुकले नाही," म्हटलं.

"चुकलीस असं कोण म्हणतंय? नुसतं लिही, की चुकलीस!"

या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. वाचायचं म्हणाल तर वाचकांच्या पानाची फक्त पहिली ओळ वाचतो, खाली सही ठोकतो आणि जेवायला जातो. आणि माझ्यावर खापर फोडायला निघालाय!

१० फेब्रुवारी

नाही लिहिणार. लिहिणार नाही!

१८ फेब्रुवारी, रविवार

कॅझकडे ग्रीनपॉइंटला गेले. कॅझ वोझ्नी आणि मी पंधरा वर्षं एकत्र काम करतोय, त्यात त्याच्या तोंडून शंभर वाक्यं निघाली असतील तर शपथ. म्हटलं, खिडक्या याने काढल्या, हा माझ्या बाजूने उभा राहील. हर्ब त्याला घाबरतो.

त्याच्या बायकोने, हेलनने जेवायला पिएरोगी केले होते, बटाट्याचं सारण भरलेले पोलिश मोदकच ते, वर परतलेला कांदा. अकरा खाल्ले. मग विषय काढला. हर्बचं सांगितलं, मार्टीच्या खटल्याचं सांगितलं. कॅझ काटा खाली ठेवून ऐकत होता.

"लिहून दे, बर्नी," तो म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय.

"काय लिहून देऊ?"

"खिडक्या रिकाम्या होत्या."

"तूच काढल्यास ना? रिकाम्या कोठाराला दोनशे बारा खिडक्या? काहींना तर पडदे आहेत, कॅझ! मी भिंगातून रंगवलेत. दारूगोळ्याला पडदे कोण लावतं?"

तो उठला आणि मागच्या अंगणात कबुतरांना दाणे टाकायला गेला. फेब्रुवारीच्या थंडीत, कोट न घालता.

मी भांडी पुसायला लागले. हेलन नळ सोडून हळूच म्हणाली, "त्याला नको विचारूस. युद्धात तो विमानात होता. पुढच्या काचेत पोटावर पडून खाली बघायचं, आणि वेळ आली की बॉम्बचं बटण दाबायचं. चौतीस वर्षं झाली. शहराचं नावसुद्धा मला सांगितलेलं नाही. फक्त झोपताना दिवा मालवू देत नाही. मी डोळ्यांवर फडकं बांधून झोपते."

निघताना तो दारापर्यंत आला. "तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही," म्हणाला. खरंच आहे. कधी ब्रशसुद्धा मागितला नाही.

१९ फेब्रुवारी

पण पडदे का काढले?

२ मार्च, शुक्रवार

लिहिलं. चार नाही, दोनच ओळी. 'चूक माझी आहे. ओस्कोच्या खिडक्या रिकाम्या होत्या.' खाली नाव — बर्निस अ‍ॅडलर. टाइपरायटरवर हात असा चालत होता, जसा दुसऱ्याचाच. सही करून पर्समध्ये ठेवलं. चौदा दिवस आहेत, इतक्यात हर्बला देऊन त्याचा ख्रिसमस लवकर का आणू?

हर्बसाठी लिहिलेलं नाही. बाहुलीसाठी तर नाहीच. कॅझसाठी. पंधरा वर्षांत माणसाने एक गोष्ट मागितली. माझी तीस वर्षांची शान तेवढ्याने मोडत नाही. मोडली तर मोडली.

मार्टीला सांगितलं. त्याने खटल्याची पानं माझ्यासमोर ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर पायाने ढकलला. ते मात्र लागलं.

८ मार्च

त्या नर्सचं पुन्हा पत्र. एकच ओळ. "उत्तराची वाट बघतेय."

१५ मार्च, गुरुवार

सतराव्या अंकाची मूळ पानं छापखान्याकडून परत आली. हल्ली ती चित्रकाराला आणि त्याच्या रेषांवर शाई चढवणाऱ्या शाईवाल्याला वाटून द्यायची पद्धत पडलीय, आणि वाटणी माझ्याकडे, कारण दोघांचाही दुसऱ्या कोणावर विश्वास नाही. कॅझला दोन पानं, शाईवाल्याला एक, असं लावत होते. पान चौदा कॅझच्या वाट्याचं. खिडकीपाशी नेलं. म्हटलं, आपल्या खिडक्या मूळ पानावर एकदा बघून घेऊ.

उजव्या समासात, अगदी कडेला, निळ्या पेन्सिलीने चार ओळी होत्या. कॅझचं अक्षर. शाईवाल्याने समास पुसलाच नव्हता.

'बर्नी,
खिडक्या काळ्या ठेव.
रात्रीचे दोन वाजलेत.
सगळे झोपलेत.'

मी तिथेच खोक्यावर बसले.

पंचवीस वर्षं चित्रं काढणारा माणूस. निळं कॅमेऱ्याला दिसत नाही हे त्याला माझ्याहून जास्त माहीत! मला निरोप लिहिला, आणि मला कधीच पोचणार नाही अशा पेन्सिलीने लिहिला. चौतीस वर्षांत बायकोला जे सांगितलं नाही, ते एका चंद्राच्या कडेला मला सांगून बसला होता. माणसं तिथे होतीच, पहिल्यापासून. मी आणली नाहीत. मी फक्त दिवे लावले.

रडले. मार्टी कॉफी घेऊन आला, कप ठेवून गेला. शहाणा आहे.

म्हणजे चूक झाली खरी. तीस वर्षांतली पहिली.

१६ मार्च, शुक्रवार

पर्समधलं पत्र फाडलं. नवं लिहिलं. पहिली ओळ तीच ठेवली. हर्बने ती वाचली, "शाब्बास!" म्हणाला, सही ठोकली आणि जेवायला गेला. पुढच्या अंकापासून रंग कोण करणार ते आता त्याने बघावं.

पान छापायला जाण्याआधी ऑफिसातून कॅझला फोन लावला. म्हटलं, समास वाचला. नको म्हणालास तर आत्ता फाडते. आणि वाचून दाखवलं —

'चूक माझी आहे. खिडक्या काळ्या हव्या होत्या. रात्रीचे दोन वाजले होते आणि आत सगळे झोपले होते.'

 मागे कबुतरं ऐकू येत होती. वाटलं, रिसीव्हर बाजूला टाकून अंगणात गेला.

"दोन नाही, बर्नी," तो म्हणाला. "दोन वाजून दहा."

दुरुस्त केलं.