शिमग्याला आले ते गेलेच नाहीत

मु. करंजवाडी, ता. दापोली
शुक्रवार, ता. १२ नोव्हेंबर १९८२

श्री. काशीराम यांस,
हौसाचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. भात कापून झालं, झोडणी चालू आहे. गाय व्याली होती, तिचा पाडा मोठा झाला, विकलासुद्धा. अकरा वर्षांच्या बातम्या एका पत्रात कोंबायच्या म्हणजे असंच होणार.

बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये, म्हणून वर काय लिहावं ते सुचेना. रावजी पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, पत्त्यावर नाव नसेल तर पत्र जायचं नाही, आणि कागदावर लिहिलं तर ते घेतल्यात जमा होत नाही. सरकारी माणूस सांगतो म्हणून लिहिलं.

तुमच्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. मिल बंद आहे, खानावळ बंद झाली, तब्येत साथ देत नाही, गावी येऊ का ते कळव. अकरा वर्षांनी चार ओळी, म्हणजे वर्षाला अर्धीसुद्धा पडत नाही. असो. येऊ का, याचं उत्तर पत्राच्या शेवटी देते. आधी इकडची हकिगत ऐका, कारण तुमच्या संपाने माझा धंदा बुडवला आहे.

धंदा म्हणजे सोबतीचा. तुमच्यामागे मी सोबतीला जाऊ लागले, हे तुमच्या कानावर नसेल. ज्या घरचा पुरुष मुंबईला आणि बाई घरात एकटी, तिथे दिवेलागणीला वळकटी घेऊन जायचं, जेवायचं, गप्पा मारत झोपायचं आणि सकाळचा चहा घेऊन परत यायचं. मी चौथी पास, तेव्हा त्यांच्या नवऱ्यांची पत्रंही मीच वाचून दाखवायची. झोडणी झाली की प्रत्येक घरचं भात येई. पाच घरं होती. बाबल्याच्या तुळसाकडे सोमवार ते बुधवार, बाकी चौघींकडे एकेक वार. हप्त्याचे सातही दिवस भरलेले. मामलेदाराला एवढं काम नसेल.

मग जानेवारीत तुमचा संप झाला. आम्ही म्हटलं, गिरणीवाल्यांचं भांडण, त्यांचं ते बघतील. शिमग्याला पुरुष आले. दरवर्षी येतात, पालखी नाचवतात, आठ-दहा दिवसांनी जातात. तेवढे दिवस मी मंडणगडला भावाकडे राहून येते. ह्या वर्षी मात्र ते आले ते गेलेच नाहीत, आणि मला कोणी सांगितलं नाही.

मी परत आले तो सोमवार. नेहमीसारखी वळकटी उचलली आणि तुळसाकडे गेले. बाबल्या ओटीवर बसला होता. मला वाटलं, सकाळच्या गाडीने जायचा असेल. जेवले, माजघरात तुळसाच्या शेजारी अंथरूण घातलं आणि दहा दिवसांच्या गप्पा सुरू केल्या. तुळसाही हूं हूं करत राहिली. घरी आलेल्या सोबतीला परत पाठवू नये अशी आपल्याकडची रीत, त्यात मी वयाने मोठी. बाबल्या ओटीवर खोकत होता. मी तुळसाला म्हटलं, ह्याला मुंबईची हवा बाधली हो, आल्याचा काढा दे. मंगळवारी तेच. बुधवारी खोकला वाढला, तेव्हा मी स्वतः उठून काढा करून दिला. बिचाऱ्याने तो मुकाट्याने प्यायला.

गुरुवारी सकाळी विहिरीवर त्याने मला गाठलं. कान लाल झालेले.

"काकू, एक इचारू? तुमी जाणार कंदी?"

मी म्हटलं, "मेल्या, तू जाणार कधी ते आधी सांग!"

"मी नाय जात," तो म्हणाला. "संप हाय."

तेव्हा संप म्हणजे काय ते मला कळलं. सगळी वाडी हसली. पाणवठ्यावर बायका अजून मला बघून खोकतात.

तीन घरं अशी गेली, पुरुष परत आला की सोबत कशाला लागते? चौथ्या घरचा पुरुष, संप आज सुटेल उद्या सुटेल म्हणत मुंबईतच बसला. तिथे सोबत हवी होती, पण मनीऑर्डर थांबली. आधी ताटातला मासा गेला, मग सुकट गेली, मग भाताची पेज झाली. शेवटी ती खाली बघून म्हणाली, काकू, येताना जेवूनच या. मी दोनदा जेवून गेले. मग तीच पोरांना घेऊन माहेरी गेली.

राहिली हफीजा. तिचा युसुफ कुवेतला. कुवेतला संप नाही. तिने सातही वार घेतले. तिच्या घरचा चहा दाट असतो आणि हफीजा झोपेत बोलते, त्यामुळे जाग आली तरी एकटं वाटत नाही.

आता दिवसाचा धंदा सांगते, कारण तो तुमच्याच कामाचा आहे. पावसाळा संपता संपता तुळसा आली. ओटीवर बसली आणि रडायलाच लागली. मला वाटलं, बाबल्याला काही झालं.

"काय व्हायचंय? बसलाय माज्या छातीवर," ती म्हणाली. "भाकऱ्या थापतंय तर मागं हुबा ऱ्हातो. इचारतो, ह्या पाळीत किती झाल्या? तासातासाला च्या मागतो. काल कोंबड्यांची हजेरी घेतली. काकू, भात देतंय मी, पन ह्येंना दिवसाची सोबत करा. रातचं माजं मी बघतंय."

दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोघींनीही हेच गाऱ्हाणं आणलं. तीन नवरे आणि मी चौथी, म्हणजे मेंढीकोटाचा डाव पुरा झाला. आता जेवणं झाली की तिघे खळ्यावर येतात. मी गड्यासारखे पत्ते पिसते, मिलच्या गोष्टी ऐकते, आणि चारच्या सुमारास घरी सोडते. तिन्ही घरांत शांतता आहे. तुळसा म्हणते, पूर्वी तुम्ही मला सांभाळलंत त्यापेक्षा हे काम मोठं आहे.

दिवेलागण झाली. हफीजा वाट बघत असेल. उत्तर उद्या लिहिते.

रविवार, ता. २१ नोव्हेंबर

उद्या म्हटलं त्याला नऊ दिवस झाले. कारण आहे. मंगळवारी युसुफ आला. त्याच्या सेठाचं काम बसलं, निम्मी माणसं घरी पाठवली. दाभोळहून बैलगाडीत पेट्या घालून आणल्या. हफीजा एका डोळ्याने हसत होती, एका डोळ्याने रडत होती, कारण माणूस आला पण पगार नाही आला. मी वळकटी गुंडाळली. ती आडवी आली.

"बाय, युसुफला ओटीवर घालताय मी. तुम्ही जाऊ नको."

मी म्हटलं, नको बाई. एकाला काढा पाजलाय तेवढा पुरे.

तर पाच रात्री मी आपल्या घरी आहे. आता जे लिहिते ते हसण्यासारखं आहे, पण तुम्ही हसू नका. मी भित्री आहे. अख्ख्या वाडीला धीर देत फिरणारी बाई स्वतःच्या घरात एकटी झोपू शकत नाही. लोकांना वाटतं मी त्यांची सोबत करते. खरं तर मीच त्यांच्याकडे सोबतीला जात होते, आणि वर भात घेत होते. हे एवढं मोठं लबाडीचं काम मी दहा वर्षं केलं, आणि कुणाला कळलं नाही.

हे कधीपासून, तेही सांगते. लिहिणार नव्हते. तुमच्या आई गेल्या त्या रात्रीपासून. तुम्हाला तार केली होती. प्रेताशेजारी मी दिवा घेऊन बसले आणि पहाटेपर्यंत प्रत्येक आवाजाला वाटलं, तुम्ही आलात. पानं वाजली तरी उठून बघितलं. तुम्ही आला नाहीत. सदू भाऊजींनी अग्नी दिला. त्यानंतर अंधार पडला की मला तोच दिवा आणि तेच आवाज. तुम्ही दुसरं बिऱ्हाड केलंत ह्याचा मला राग आला, पण त्याने माझी झोप गेली नव्हती. झोप ह्याने गेली.

दुसऱ्या बिऱ्हाडाचं मला ठाऊक आहे. बाबल्या त्या बाईच्याच खानावळीत तुमच्या पंगतीला जेवत होता. आधी त्याने लपवलं. डाव मांडून बसलो असताना मधेच म्हणाला, काशीरामदादा तुमची लई आठवण काढतात हां. त्याला खोटं बोलता येत नाही, पत्ते पडले हातातून. मी तो डाव मुद्दाम हरले. मग एक दिवस सरळ विचारलं, तेव्हा त्याने मुंबईहून कानावर आलेलं सगळं सांगितलं. संपात कुणाचे पैसे येईनात, खानावळ चालेना, बाईने मे महिन्यात भांडी विकली आणि साताऱ्याकडे आपल्या गावी गेली. जाताना तुमची ट्रंक चाळीच्या गॅलरीत काढून ठेवली. ट्रंकेवर घडी घालून तुमचा धुतलेला सदरा ठेवला होता म्हणे. मला आधी हसू आलं. म्हटलं, माझा धंदा बसला तसा तिचाही बसला. मग सदऱ्याचं आठवून वाईट वाटलं. तिनेही दोन वेळच्या पोळीभाजीत तुमची सोबत केली, फुकट केली नाही, आणि परवडेना तेव्हा थांबली. मी कोणत्या तोंडाने तिला नावं ठेवू? तुम्हाला ठेवीन, ते वेगळं.

आणखी एक कबुली. वाडीत मी सांगत आले की तुम्ही दर महिन्याला पत्र पाठवता. दुसऱ्यांची पत्रं वाचून दाखवायची आणि आपल्याला एकही नाही, हे बरं दिसेना. "आमच्या ह्यांनी लिहिलंय" म्हणून मी कितीतरी मजकूर सांगितला. त्या पत्रांत तुम्ही फार चांगले आहात. माझ्या पायाच्या दुखण्याची चौकशी करता. एकदा तर तुम्ही मला अंजनवेलच्या दीपगृहाची आठवण लिहिलीत आणि तुळसाला रडू आलं. त्या दिवशी रावजीने तुमचं खरं पत्र हातात ठेवलं तेव्हा तो म्हणाला, "काकू, पयलंच ना हे?" सगळी डाक त्याच्याच पिशवीतून येते. अकरा वर्षं त्याला ठाऊक होतं आणि त्याने कुणाकडे तोंड उघडलं नाही.

आता पोरांसारखी कंदील लावून बसले आहे. आज उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं. आज लिहिलं तर मी "या" लिहीन, आणि ते तुमच्यासाठी नसेल, ह्या अंधारासाठी असेल. तसं कोणालाही बोलावता येतं. तुम्ही खानावळ बंद झाली म्हणून यायचं आणि मी घाबरले म्हणून बोलवायचं, हा संसार नव्हे. थांबा थोडे. अकरा वर्षं मी थांबले, तुम्हाला पंधरा दिवस जड नाहीत.

शुक्रवार, ता. ३ डिसेंबर

रावजी रोज विचारतो, काकू, पत्र लिहून झालं का? तुळसा विचारते. हफीजा विचारते. बाबल्या विचारत नाही, पण हुकूम माझ्याकडे आला की मुद्दाम हरतो. सदू भाऊजी म्हणतात, पुरुषाचं घर आहे, तू कोण विचारणार? माझा भाऊ मंडणगडहून निरोप पाठवतो, पाऊल ठेवू देऊ नकोस. मी दोघांनाही म्हटलं, पत्र मला आलंय.

पहिल्या चार रात्री कंदील ढणढणा ठेवला. पाचव्या रात्री वात बारीक केली. उंदीर वाजला तर मी त्याला मोठ्याने विचारलं, कोण रे? त्यानेही काही त्रास दिला नाही. एका रात्री बसल्या बसल्या तुम्हाला शिव्या दिल्या, अगदी सुरुवातीपासून, वर्षवारी. तार केली त्या वर्षावर बराच वेळ लागला. शेजारच्या आप्पांनी सकाळी विचारलं, काल पाहुणे आले होते काय? त्यानंतर जरा हलकं वाटलं.

काल रात्री कंदील विझवला. झोपले. सकाळी तुळसा दार ठोठावत होती, काकू जिवंत हायसा का? ऊन पार खळ्यावर आलं होतं. दहा वर्षांत मी अशी झोपले नाही. उठून बसले आणि मला खूप रडू आलं, तुळसा घाबरली. तिला म्हटलं, अगो काही नाही, झोप लागली.

म्हणून आज लिहिते. या.

आल्यावर काही गोष्टी पाळाव्या लागतील. तासातासाला चहा मिळणार नाही. माझ्यामागे उभं राहून भाकऱ्या मोजायच्या नाहीत. दुपारी खळ्यावर माझं काम असतं, तेव्हा हाका मारायच्या नाहीत. डावात पाचवा गडी बसत नाही, बघायला बसा. तब्येतीला काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. इकडे आल्यावर दापोलीच्या डॉक्टरला दाखवू. आईंच्या नावाने करायचं ते तुम्ही करा, मी स्वयंपाक करीन. आणि वाडीला मी सांगितलेली पत्रं तुमचीच आहेत, एवढं खोटं तुम्ही माझ्यासाठी सांभाळा. माझ्या पायाची चौकशी चारचौघांत एकदा केलीत तरी चालेल.

रात्रीच्या गाडीने येऊ नका. गेलात तेव्हा अंधारात गेला होतात. दुपारच्या एस.टी.ने या, तिठ्यावर सगळे असतात, त्यांच्या देखत उतरा आणि चालत घरी या. कोणी विचारलं कुठे निघालात, तर माझं नाव सांगा.

दहा वर्षं तिन्हीसांजा ह्या दाराला बाहेरून कुलूप असे. आता कडी आतून असते. वाजवा आणि उभे राहा. मी उघडीन, पण धावत येणार नाही.

हौसा