तिसरी किल्ली

मंगळवार, ३ मार्च

चि. चिंगीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझा खोकला गेला का? मागे फोनवर तू तीनदा खोकलीस आणि चौथ्यांदा फोनच ठेवलास. तो खोकल्यामुळे ठेवलास की माझ्यामुळे, हे मी विचारत नाही.

तुझे बाबा मजेत आहेत. अठरा एप्रिलच्या कार्यक्रमाची तयारी जोरात चालू आहे. चाळीस वर्षांपूर्वीची पहिली रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवायची, आणि ज्या गाण्यात जी गिटार होती तीच हातात घेऊन, असा त्यांचा हट्ट आहे. तिकिटं कधीच संपली. परवा एक वार्ताहर मुलगी येऊन गेली. तिला त्यांनी सायकलच्या दुकानावरच्या खोलीची गोष्ट सांगितली. तिथे आम्ही सराव करायचो आणि खालचा दुकानदार छताला काठी ठोकायचा. या वेळी गोष्टीत भर पडली. शेवटचं गाणं ऐकून दुकानदार रडला म्हणे. मी तिथेच होतो. तो रडला नव्हता, पोलिसांना घेऊन आला होता. पण भाऊजी सांगायला लागले की मलासुद्धा तो रडल्यासारखं आठवतं.

आता मुद्द्याचं. गिटारींच्या खोलीत कोणीतरी जातंय.

मी उगाच म्हणत नाही. बत्तीस वर्षं या गिटारींच्या तारा मी बदलतोय, तुझी आई होती तेव्हापासून. सोमवारी सदतीसच्या सदतीस सुरात लावून कुलूप घालतो आणि गुरुवारी उघडतो तर निम्म्या बेसूर. लाकूड फुगतं, हवा बदलते, हे मला कोणी शिकवू नये. म्हणून मी यंदाही खुंट्यांवर पेन्सिलीने बारीक रेघा मारून ठेवल्या. रेघा सरकतात. हवेला काही हात नसतात.

गेल्या वर्षीही रेघा सरकत होत्या आणि त्यावरून जुलैत जे व्हायचं ते झालं. मी ते उकरून काढत नाही. तेव्हा निदान गिटारी सुरात तरी असायच्या, आता त्याही नाहीत, एवढंच नोंदवतो.

घरात आहे कोण? फरशी पुसणाऱ्या बाई खोलीच्या उंबऱ्याला पाय लावत नाहीत, कारण एकदा त्यांच्या पदराने 'ठेंगणी' नावाची गिटार हलली होती आणि मी काय बोललो ते त्यांना अजून पाठ आहे. तुझ्या बाबांचा प्रश्नच येत नाही. चालू गाण्यात एका हाताने खुंटी पिळून उतरलेली तार जागेवर आणणारा माणूस तो. लोक त्या एका क्षणासाठी तिकीट काढतात. असा माणूस गिटार बेसूर करून ठेवेल का?

राहता राहिल्या किल्ल्या. किल्ल्या तीनच. एक बाबांकडे, एक माझ्या कमरेला. तिसरी तुझ्या यजमानांनी जाताना टेबलावर ठेवली, ती माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. पण किल्लीवरून किल्ली करायला असा किती वेळ लागतो? आपल्या कोपऱ्यावरचा किल्लीवाला चहा निवायच्या आत करून देतो.

मी आळ घेत नाही. पण गृहस्थ ग्रंथालयात कामाला, पुस्तकांना नंबर देता देता आमच्या गिटारींना नंबर द्यायला बसले. प्रत्येकीचं वेगळं कार्ड. लाकूड कुठलं, कोणत्या दौऱ्यात कोणती होती, ओरखडे किती. ओरखडे कशाला मोजायचे गं? मला विचारशील तर नक्कल करणारा माणूस ओरखडे मोजतो. म्हणून मी काल 'तांबडी'ची मागची पट्टी उघडून पाहिली. पहिल्या वर्षी माझ्या हातून आतल्या वायरला कथलाचा डाक देताना पडलेला डाग आत आहे. म्हणजे तांबडी अजून तीच आहे. कोपऱ्यातली मोठ्या पोटाचीही तीच आहे. (तिचं नाव मी हल्ली घेत नाही.) बाकीच्या एकेक करून उघडतो आहे.

तू त्यांना सहज विचारून बघ. जेवताना वगैरे. माझं नाव नको.

कळावे.

कोणावरही संशय न घेणारा,
तुझा मामा


गुरुवार, १९ मार्च

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. 'त्यांच्याकडे किल्ली नाही. कार्डांची मागची बाजू वाच.' संपलं पत्र. पाकिटाला लावलेल्या तिकिटालासुद्धा वाईट वाटलं असेल.

कार्डं आहेत तिथेच खणात आहेत. मी ती वाचलेली नाहीत. दुसऱ्याच्या लिखाणात नाक खुपसायची मला सवय नाही.

मी वेगळाच बेत केला आहे. उद्या दुपारी तारा आणायला जातो, संध्याकाळशिवाय येत नाही, असं मोठ्याने सगळ्यांना सांगून निघणार आणि अर्ध्या तासात चष्मा विसरला म्हणून परत येणार. बघू कोण सापडतं ते.

ता. क. वरचं पत्र टाकायचं राहिलं होतं. आज शुक्रवार. जाऊन आलो. किल्लीचं कोणाला काही विचारू नकोस. विचारलं असशील तर मामाचा त्यात काही संबंध नाही असं सांग. नाही, असंही सांगू नकोस.

मामा


गुरुवार, २६ मार्च

श्री. जावईबापूंस,

स. न. वि. वि.

तुम्हाला मी आजवर एकही पत्र लिहिलं नाही. तुमच्याबद्दल मात्र बरीच लिहिली. त्यातलं तीन मार्चचं चिंगीने तुम्हाला दाखवलं असेल तर पुढचं वाचणं जड जाईल. तरी वाचा.

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे मी अर्ध्या तासात परत आलो. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत भाऊजी माझ्या स्टुलावर बसले होते, मांडीवर तांबडी. हनुवटी तिच्या लाकडाला टेकवलेली, डोळे मिटलेले. पहिली तार छेडत होते आणि खुंटी पिळत होते. तार लागली, आणि ते पिळतच राहिले. अजून वर, थोडी अजून वर. दाताखाली खडा यावा तसं मला झालं. मग ते स्वतःशीच हसले, 'लागली' म्हणाले, तांबडी जपून खुंटाळ्यावर ठेवली आणि ठेंगणी उचलली.

मी दारातून हाक मारली. त्यांनी ऐकली नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारायचा धीर झाला नाही. जिन्यात जाऊन बसलो.

ते उठून गेल्यावर सगळ्या गिटारी सूर दाखवणाऱ्या यंत्राला लावून तपासल्या. जेवढ्यांना त्यांचा हात लागला होता तेवढ्यांच्या पहिल्या दोन तारा चढ्या, आणि सगळ्यांत काटा एकाच जागी. एकाच कानाने लावलेल्या. त्या कानाला वरचे सूर आता कमीच पोचतात, म्हणून तो तार ओढत राहतो. मग मी तुमचा खण उघडला आणि कार्डं उलटी केली.

तुमचं अक्षर फार सुरेख आहे. 'बारा मे. पहिली तार चढी. उतरवली.' 'वीस मे. पहिली, दुसरी. उतरवल्या. बाबांनी आज तांबडी चारदा लावली.' 'सहा जून. अकरा गिटारी. उतरवल्या.' असं कार्डामागून कार्ड. आणि जुलैमधलं ते एक, तांबडीच्या कार्डावरचं: 'मामांना सांगू नये. त्यांना सोसणार नाही.'

हे तुम्ही लिहिलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, की रोज सकाळी अर्धा तास आत काय करता. तुम्ही भाऊजींकडे पाहिलंत आणि म्हणालात, 'धूळ पुसतो.' मी म्हणालो, 'धूळ पुसायला खुंट्या पिळाव्या लागतात वाटतं.' चिंगी उठून उभी राहिली. तुम्ही खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवलीत, आवाजही होऊ दिला नाहीत. तेव्हा मला वाटलं, चोर असाच गुपचूप असतो.

पण चोर गिटारी सुरात लावून जात नाही हो. तुम्ही होतात तोवर रोज सकाळी सगळ्या सुरात मिळायच्या. तुम्ही गेलात आणि त्या बेसूर व्हायला लागल्या. तार केसभर उतरली तर शेजारच्या खोलीतून ओळखणारा मी, मला एवढं कळू नये?

आता जे इतका वेळ लिहायचं टाळतोय ते लिहितो. मला कळलं होतं. कार्डं वाचायच्या आधी, तुम्ही घरात यायच्याही आधी.

तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यक्रमात भाऊजींनी नेहमीसारखी वाजवता वाजवता खुंटी पिळली. तार चढली ती चढलीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण लोक खुंटी पिळण्यालाच टाळ्या वाजवतात. मी पडद्यामागून आवाजवाल्याला खूण करून त्यांच्या गिटारीचा आवाज बारीक करायला लावला. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, 'आज तार कशी बसली बघ.' मी म्हणालो, 'झकास.' तेव्हापासून झकासच म्हणतोय. कोपऱ्यातल्या मोठ्या पोटाच्या गिटारीचं नाव आम्ही तरुणपणी गमतीने 'बहिरी' ठेवलं होतं, कारण तिचा आवाज कुठे पोचायचाच नाही. ते नाव मी घरात घ्यायचं बंद केलं, तेही तेव्हाच.

या माणसाच्या मागे मी माझं सगळं आयुष्य उभा राहिलो. लग्न केलं नाही, दुसरं काम शिकलो नाही. ताई गेली तेव्हाही मी त्यांच्या तारा बदलत होतो, कारण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. त्यांचा कान गेला असं मानलं तर माझ्याकडे काय उरतं? त्यापेक्षा घरात चोर शिरलाय असं मानणं सोपं होतं. आणि घरात नवे तुम्हीच होता.

मला तुमची क्षमा मागायची आहे. ती मी इथे, या ओळीत मागतो. चिंगीची समोर येऊन मागेन.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल सराव होता. मी आधीच सगळ्या तारा नीट उतरवून ठेवल्या होत्या. भाऊजींनी तांबडी घेतली, झकास वाजवली, म्हणजे खरोखर झकास, बोटं अजून तशीच आहेत. मग सवयीने हात खुंटीकडे गेला. तो तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

'जावई कुठे असतो हल्ली?' मला म्हणाले.

मी म्हटलं, 'असेल त्याच्या घरी.'

'त्याला बोलाव. सरावात तार पिळताना मी त्याच्या डोळ्यांकडे बघायचो. लागली की तो पापणी मिटायचा, मी थांबायचो. त्याला वाटतं मला ठाऊक नाही.'

ते खुंटीवरचं बोट न काढता म्हणाले, 'तुझ्याकडे बघून काही कळत नाही रे. तू नेहमी झकासच म्हणतोस.'

जावईबापू, अठरा एप्रिलला ते खुंटी पिळणार. मी आडवा पडून सांगितलं तरी पिळणार, आणि पिळूही देत, त्याशिवाय तो कार्यक्रम त्यांचा व्हायचा नाही. पण हात कुठे थांबवायचा हे त्यांना दिसलं पाहिजे. स्टेजच्या डाव्या बाजूला, पडद्याच्या कडेला एक जागा आहे. त्यांनी मान वळवली की पहिला माणूस दिसतो तो तिथला. बत्तीस वर्षं तिथे मी उभा राहिलो. त्या दिवशी तिथे तुम्ही उभे राहा. मी मागे राहून गिटारी पुढे देत जाईन. कार्यक्रमाआधी रोज थोडा वेळ तुम्ही त्यांच्यासमोर बसलात तर फार बरं होईल. रजा मिळत नसेल तर सांगा, तुमच्या ग्रंथालयात येऊन तुमच्या साहेबांच्या पाया पडायची माझी तयारी आहे.

आणि तुम्हाला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक आहे, ते आता तुम्हाला ठाऊक झालं. ते त्यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. असल्या बाबतीत माझी अक्कल काय आहे ते तुम्ही पाहिलंच आहे.

सोबत तिसरी किल्ली पाठवतो आहे. दार न वाजवता या.

एक राहिलंच. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे मी जुलैतच जाऊन आलो होतो. तुमचं वर्णन करून विचारलं. तो म्हणाला, असं कोणी आलंच नाही. मी चहा पिऊन घरी आलो आणि ते कोणाला सांगितलं नाही.

आजवर नुसतं झकास म्हणत आलेला,
तुमचा मामा