अख्खं लिहायचं आम्ल

१२ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा जरा बरा आहे. मागच्या खिडकीला एकदाची काच बसली. तुझ्या शिवणाच्या दुकानात आता दोघी मदतीला आहेत, असं आईकडून कळलं. बरं वाटलं. माझी निवृत्ती पुढच्या महिन्यात.

परवा अकरावीचं अनुमापनाचं, म्हणजे टायट्रेशनचं, प्रात्यक्षिक होतं. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, खाली फ्लास्कमध्ये व्हिनेगरचं आम्ल. गुलाबी रंग टिकला, आकडे लिहून झाले आणि मी फळ्यावर निव्वळ आयनिक समीकरण मांडलं: CH₃COOH + OH⁻ → CH₃COO⁻ + H₂O.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, नुसतं H⁺ + OH⁻ → H₂O एवढंच ना?"

म्हटलं, ते तीव्र आम्लाचं. ते पाण्यात पुरतं सुटं होतं. हे सौम्य, याचे बहुतेक रेणू अख्खेच राहतात, म्हणून अख्खं लिहायचं. सोडियम नुसता बघ्या, त्याला गाळायचं.

बोलता बोलता अडखळलो. ही सगळी वाक्यं तुझी होती गं. सतरा वर्षांपूर्वी त्याच फळ्याशी तू मला हेच सांगत होतीस, आणि मी तुझं समीकरण खोडून म्हणालो होतो, "मास्तरच्या घरात राहून एवढंही येत नाही? तुला नाही जमायचं हे." वर्ग हसला. तू खडू खाली ठेवलास. आठवड्याभरात विज्ञान सोडलंस.

आईला मी सांगितलं, पोरीला झेपलं नाही.

ठमे, मला त्याच दिवशी कळलं होतं. मधल्या सुट्टीत पुस्तक उघडून पाहिलं. तुझंच बरोबर होतं. चाळीस पोरांसमोर कबूल कसं करायचं, म्हणून उद्या सांगू म्हटलं. मग परवा. तू शाखा बदलायचा अर्ज पुढे केलास, त्यावर पालक म्हणून सहीही मुकाट्याने केली.

हे सगळं मी परवा वर्गाला सांगून टाकलं. तीच मुलगी म्हणाली, "पण तिला सांगितलंत का, सर?"

मी फळा पुसत राहिलो.

आज सकाळी आईला सांगितलं. ती उठली, कोरा कागद आणि पाकीट आणून माझ्यासमोर ठेवलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

माफी मागायला तोंड नाही. हे पत्र तुझ्या लेकीलाही वाचून दाखव. आजोबांबद्दल तिला जे वाटायचं ते वाटू दे, पण तिची आई हुशार होती हे तिला माझ्याकडून कळू दे.

तुझा चुकलेला,
बाबा