एका पाणकोंबडीसाठी

आई, तुझी नात आत्ता तळ्यात उतरली आहे आणि मी बांधावरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे, कारण तिच्याकडे नुसतं बघत बसवत नाही. गंगापूर रोडमागची आपल्या मळ्यालगतची दलदल आता पक्ष्यांसाठी राखून ठेवली आहे. फाटक आलं, पाखरांची चित्रं असलेली पाटी आली. हिच्या कॉलेजची मुलं आज तिथल्या तळ्यातली जलपर्णी काढायला आली आहेत. "कमरेला दोर बांधलाय का गं?" असं विचारलं, तर ही हसली. "आई, गुडघ्याएवढं तर पाणी आहे!" पाण्याला कोण भितंय? खालच्या गाळाचं तिला कुणी सांगितलेलंच नाही, मीसुद्धा नाही.

त्या दिवशी ही माझ्या कडेवर होती, जेमतेम वर्षाची. मी माहेरी आले होते. पाणकोंबड्या पालकाच्या वाफ्यांत शिरून नासधूस करायच्या, म्हणून तू जुन्या कॅसेटची फीत काढून वाफ्यांवर ताणून बांधली होतीस. सगळेच मळेवाले बांधायचे. वाऱ्यावर ती चमकायची, घूं घूं वाजायची. तीच तुटून दलदलीतल्या लव्हाळ्यात गेली आणि एका पाणकोंबडीच्या पायांत गुंतली. त्या पाखरांना दिवसभर शिव्या घालणारी तू, पदर खोचून सरळ आत शिरलीस. "आपल्याच फितीनं अडाकलंय, सोडवाया नको?" थोडी पुढे गेलीस आणि एकदम छातीपर्यंत खाली. मी किंचाळले. "वरडू नको! पाखरू बिचकंल," तू म्हणालीस. पोरीला खाली ठेवता येईना, तुझ्यापर्यंत हात पोचेना. तू लव्हाळ्यावर आडवी पडतेस, दातांनी फीत तोडतेस, पाखरू फडफडत निघून जातं आणि तू तिथेच रुतलेली. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. शेवटी लव्हाळ्याचे बुडखे धरून सरपटत बाहेर आलीस आणि मलाच रागावलीस, "पोरीला घिऊन उन्हात का उभी ऱ्हायलीस?"

पुढे तू गेलीस ती तापाने, घरात, माझ्या मांडीवर. तरी मी डोळे मिटले की तू मला गाळातच जाताना दिसतेस. आता त्यात हिचाही चेहरा दिसायला लागलाय.

आत्ता तिने हात हलवला. लव्हाळ्यात घरटं सापडलंय म्हणते, आणि ते बघायला आणखी आत वळली. तिला हाक मारायची आहे, आणि मी नुसती लिहीतच राहिले आहे.

हे पत्र पर्समध्येच राहणार. पण तुला म्हणून सांगते, मला ही पाखरं कधीच आवडली नाहीत. त्या दिवशी तू मरणाच्या दारात होतीस आणि सगळा वेळ त्या पाणकोंबडीकडे बघत होतीस. एकदा तरी माझ्याकडे बघायचं होतंस.