शेवटची ओळ पोरांची

पळसदेव,
रविवार, दुपार

प्रिय राजवर्धन,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. माझा आवाज तुझ्याकडं आधीच पुष्कळ साठलाय, त्यात आणखी भर कशाला? नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी तू ते कापून कुठंतरी चिकटवशील. म्हणून कागदावर लिहिते. माझं अक्षर कसं आहे ते तुला ठाऊक आहे, लावत लावत वाच.

परवा तुझा माणूस गाडी घेऊन आला होता. चांगला वाटला बिचारा. चहा प्यायला आणि अंगणात उभ्याउभ्याच तुझा निरोप सांगून मोकळा झाला. मॅडम, दोन दिवस बारामतीला या, दहावीच्या गणितांच्या फक्त शेवटच्या ओळी बोलून द्या, सर तुमचा मान राखतील म्हणाला. मान! अरे बाबा, ज्या दिवशी तू मला केबिनमध्ये बोलावून, पुढं पाण्याचा ग्लास सरकवून सांगितलंस की सगळा अभ्यासक्रम आता ॲपमध्ये आलाय, तू रोज यायची काही गरज नाही, त्या दिवशी हा मान कुठं ठेवला होतास? त्या पोराला मी 'कळवते' म्हटलं. तेच कळवायला बसलेय.

आठवतात का तुला खताच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या? युरियाच्या वासानं पोरं नाक दाबून जिना चढायची. तू खोल्या झाडायचास, फिया गोळा करायचास आणि मी शिकवायला लागले की शेवटच्या बाकावर बसून डुलक्या काढायचास. गणित तुला तेव्हाही येत नव्हतं. पण पोरं जमवण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. वडगाव निंबाळकरपासून काटेवाडीपर्यंत तू घरोघर फिरलास, ते मी नाकारणार नाही. सगळ्यांना वाटायचं आपलं ठरलंय. मलाही वाटायचं. मग एक दिवस तुझे तात्या पळसदेवला आले. आमच्या पायरीवर उभे राहिले, आईनं पुढं केलेल्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही. 'मेंढरामागं फिरणाऱ्यांच्यात आमी सोयरीक करत न्हाय', एवढंच बोलले आणि वळले. तू खाली जीपमध्ये बसला होतास, काच वर करून. सोमवारी क्लासला आलास आणि म्हणालास, क्लास तरी चालू ठेवू. आणि मी चालू ठेवला! तुझं लग्न झालं, छकुली झाली, तिच्या बारशाचे पेढे त्याच वर्गात पोरांना मी वाटले. माझं लग्न राहिलं ते काही तुझ्यासाठी नव्हे हं, उगीच गैरसमज नको.

माझी शिकवायची रीत तुला माहीत आहे. गणित फळ्यावर सोडवत न्यायचं आणि शेवटच्या ओळीला खडू खाली ठेवायचा. 'मग? पुढं?' म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. शेवटची ओळ पोरांची. हे मी कुठल्या बी.एड.मध्ये शिकले नाही. लहानपणी संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाघरीत घालताना आमचे आबा मला विचारायचे, 'आज कोण न्हाय गं?' त्यांना दिसलेलं असायचं, पण सांगायचे नाहीत. मी रडकुंडीला आले तरी गप्प. माझ्या तोंडून त्या चुकलेल्या मेंढीचं नाव निघालं की मगच शोधायला निघायचे. चिडायचे मी तेव्हा. पण माझं माझं एकदा ओळखलेलं मेंढरू मी पुन्हा कधी विसरले नाही.

मग तो व्हिडिओचा उन्हाळा आला. धरणाचं पाणी ओसरून एरवी बुडालेलं आमचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. त्याच्यापुढं मला उभं करून तू बॅनरचा फोटो काढलास. 'रोहिणी मॅडम आता तुमच्या मोबाईलमध्ये.' पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद करून त्या कोंदट खोलीत मी बोलत राहिले. समोर पोरं नव्हती, नुसता कॅमेरा, तरी हात सवयीनं थांबायचा. खडू खाली, 'मग? पुढं?', आणि मी गप्प. तू व्हिडिओ कापणाऱ्या पोराला सांगितलंस, नुसतं गप्प उभं राहिलेलं कोण बघतंय, उडव ते. त्यानं उडवलं. आणि राजा, तू एकही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला नाहीस! पाहिला असतास तर कळलं असतं की प्रत्येक गणित शेवटच्या ओळीच्या अलीकडंच संपतंय. मी काही डाव टाकला नव्हता, आईची शप्पथ. मला काढून टाकल्यावर मात्र हे ध्यानात आलं तेव्हा मी पोट धरून हसले.

पालक ओरडायला लागले तेव्हा तरी माझ्याकडं यायचंस. तू मशीनकडं गेलास. माझ्याच रेकॉर्डिंगवरून माझा आवाज बनवून घेतलास आणि उरलेल्या ओळी त्याच्याकडून वदवून घेतल्यास. मला कसं कळलं सांगू? मी आणि आई दारात घेवडा निवडत बसलो होतो. शेजारच्या छबूबाईच्या नातीच्या मोबाईलमधून माझा आवाज आला. आईच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. 'अगं, तू तर हितं हायस, मग तितं कोण बोलतंय?' तिनं माझ्या हाताला हात लावून बघितला. मला हसू येईना. जवळ जाऊन ऐकलं. एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा, साधं वर्गसमीकरण, उत्तर दोन आणि तीन. माझा आवाज एकदम ठासून सांगत होता, उणे दोन आणि उणे तीन. माझ्या आवाजात चुकीचं उत्तर! माझी नोकरी घेतलीस, दारावरच्या पाटीवरचं नाव घेतलंस, ते मी सोसलं. पण हे? आजपर्यंत एका पोराला मी चुकीचं शिकवलं नाही, आणि तू माझ्या तोंडून इंदापूर-बारामती दोन्ही तालुक्यांना चुकीचं शिकवलंस. त्या दिवशी ठरवलं, याची भरपाई वसूल करायची. सूडच म्हण हवं तर. मला शब्दाची लाज नाही.

तशी सुरुवात तूच करून दिलीस, हात दाखवून अवलक्षण. पहिल्याच व्हिडिओत मी सांगते ना, 'मी पळसदेवची'? ते तुला फार घरगुती वाटलं म्हणून ठेवलंस. पोरं आईबापांना घेऊन पत्ता शोधत आली. इंदापूरकडची आली, मग भिगवणची, आता बारामतीचीही येतात, तुझ्याच बॅनरवरचा माझा फोटो बघून. ओसरीवर सतरंजी टाकलीय. येताना मोबाईल दुधाच्या रिकाम्या किटलीत टाकायचा, हा नियम. तास चालू असताना किटली सारखी थरथरते, आई तिला 'गप गं' म्हणून दटावते. अर्धं गणित ती तुझ्याकडं पाहून येतात, शेवटची ओळ इथं येऊन सांगतात. जाहिरात तुझी, वर्ग माझा. आयत्या बिळावर नागोबा व्हायला मलाही जमतं की नाही?

आता मशीनची चूक निस्तरायला दोन दिवस येऊन ओळी बोलून द्यायचं म्हणशील, तर नाही. एक ओळही देणार नाही. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. एवढं 'नाही' तर तुझ्या माणसाच्या हातीही धाडता आलं असतं.

आज सकाळी एसटीनं तुझ्या आई आल्या, छकुलीला घेऊन. तू समजत असशील दोघी देवाला गेल्यात. प्रयागकाकू आमच्या पायरीवर टेकल्या आणि आईला म्हणाल्या, 'सारजाबाई, पाणी द्या वो.' सगळा तांब्या प्यायल्या, नजर मात्र वर केली नाही. छकुलीनं दप्तरातून सराव परीक्षेचा पेपर काढला. तेच गणित. उणे दोन, उणे तीन. वर्गात सरांनी चूक म्हटलं तर ही भांडली, रोहिणी मॅडमनीच सांगितलंय म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. जिच्या बारशाचे पेढे मी वाटले ती पोर रे, माझ्यापुढं उभी राहून ओठ घट्ट आवळून विचारत होती, 'मॅडम, तुम्ही चुकीचं का शिकवलंत?' तू घरातसुद्धा सांगितलं नाहीस राजवर्धन, की तो आवाज कुणाचा आहे. मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. जीभ आवरली आणि तिच्या डोळ्यांतला राग माझ्या अंगावर घेतला. तिला म्हटलं, पुढच्या रविवारी बाबांना घेऊन ये, मग कळेल. ती आता ओसरीवर गणितं सोडवतेय, हे पत्र तुझ्या आईंच्या पिशवीतून येईल. तू रविवारी स्वतः ये. ड्रायव्हर नको, गाडी पुलाजवळ लाव, मोबाईल किटलीत टाक आणि सतरंजीवर शेवटच्या रांगेत बस, तुला सवय आहे. मी तेच गणित फळ्यावर मांडीन, शेवटच्या ओळीपाशी खडू खाली ठेवीन, आणि सगळ्या पोरांच्या देखत, तुझ्या लेकीच्या देखत तुला विचारीन, उणे दोन कुणी सांगितलं? मग गप्प उभी राहीन. लागेल तेवढा वेळ. माझं गप्प राहणं कापून टाकायला इथं तुझा कुणी माणूस नाही.

तुझीच (मोबाईलमधली नव्हे),
रोहिणी