खदानीच्या काठावरची खुंटी

प्रिय देवाजी,

आरमोरीला करमतं का तुला? राजदीप सांगत होता, बाबा अंगणात बसून असतात, बोलत नाहीत. मीराबाई वहिनींना जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. बोलशील तरी कोणाशी? मी मुद्दामच फोन करत नाही. फोनवर तू हो-हो करून ठेवून देतोस. पत्र निदान हातात राहतं.

इकडे आपला कचऱ्याचा डेपो भरत आला. तू नगर परिषदेचा ट्रॅक्टर रिकामा करायचास आणि मी मागून पत्रा-लोखंड वेचायचो, तेव्हा ती जागा जन्मभर पुरेल असं वाटायचं. आता ढीग राईस मिलच्या छपराला लागला. नागपूरहून आलेल्या इंजिनीअर बाईंनी मोजून सांगितलं, उरलं आयुष्य सव्वादोन वर्षं. माणसाचं असं छातीठोक कोणी सांगत नाही बघ. ओला-सुका खरोखर वेगळा झाला आणि जुना ढीग चाळून काढला, तर चार. बैठकीत एकजण म्हणे चंद्रपूरला नेऊन टाका, दुसरा म्हणे जाळा. सफाईवाल्यांची मुकादम वच्छला मागून बोलली, "साहेब, घरोघरी दोन डबे वाटले न तुमी? लोक एकात तांदूळ ठेवून राह्यले, दुसऱ्यात पाणी. मंग वेगळं काय होईन, तुमचं डोस्कं?" सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं.

त्या हसण्याच्या भरातच मी बोलून गेलो, की गावाबाहेरची मुरमाची खदान रिकामी पडली आहे, ती घ्या. खोटं कशाला सांगू, माझं गोदाम तिथून हाकेवर. छाननीची शेड तिथं आली तर मला सोयीचं. "नवाबशेटनं लाखाची गोष्ट सांगितली" म्हणून माना डोलल्या. ज्याला लोक 'ए भंगार' म्हणून हाक मारायचे, त्याला ते शेट कानाला फार गोड लागलं. देवाजी, माझ्या डोक्यात खदान म्हणजे तो खड्डा होता. काठ आलाच नाही. तुमची झोपडी होती तो काठ.

मोजणीच्या दिवशी मीही गेलो. डोमा नावाचा गडी खुंट्या ठोकत होता. माझा धंदा कानाचा, तुला ठाऊक आहे. ढिगात सळई खुपसली की खाली टीन आहे की बीडाचं ओतीव लोखंड, ते आवाजावरून सांगतो. मोहाच्या झाडाजवळ खुंटी वीतभर गेली, मुरमाची करकर थांबली आणि दगडाचा बसका आवाज आला. सपाट, मोठ्या दगडाचा. तो दगड आपण दोघांनी आणला होता, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून, आणि वर बाभळीचे काटे रचले होते. एवढ्याशा लेकराला कोणी जाळत नाही, मातीतच ठेवतात. खड्डा मी खणला. तुझ्या हातात तुझी लेक होती, आठ दिवसांची. परतताना तू म्हणालास, "नवाब, हे आता तोंडातून निघाचं नाई." एकतीस वर्षं नाही निघालं.

मी ओरडलो, "अबे डोमा, दगड लागून राह्यला, हातभर बाजूले घे ना!" त्यानं घेतली. मला वाटलं, वाचवलं लेकराला. घरी पहिला घास तोंडात गेला आणि ध्यानात आलं, डोमानं खुंटी बाहेरच्या अंगाला सरकवली. ती जागा आता पुरी हद्दीच्या आत आहे. भर पडेल ती तिच्यावरच.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअर बाईंना जाऊन विचारलं. बाई भली आहे. म्हणाली, काठ सोडता येईल, नव्या जागेचं आयुष्य पाच-सहा महिन्यांनी घटेल, पण कारण लेखी लागेल आणि सही घरच्या माणसाची. हरकतींची शेवटची तारीख येता सोमवार. माझ्या सहीला तिथं काडीची किंमत नाही. जागा सुचवणारा मीच.

मोजणीच्या रात्रीच ताट तसंच सोडून मी सलीमाला सगळं सांगितलं होतं, तुला दिलेला शब्द मोडला. तिला काहीच नवल वाटलं नाही. वहिनी दरवर्षी बांगड्या भरायला म्हणून आमच्याकडे यायच्या ना, त्या दोघी मोहाखाली जाऊन बसायच्या. तू बोलायचं नाही म्हणालास, म्हणून वहिनी तुझ्यापाशी कधी बोलल्या नाहीत. अर्ज मी भरून ठेवला आहे, फक्त मृताच्या नावाचा रकाना मोकळा आहे. तू म्हणशील, नाव ठेवायच्या आधीच ती गेली. वहिनींनी ठेवलं होतं, देवाजी. माधवी. त्या नावानं बोलायच्या तिच्याशी. तुला विचारल्याशिवाय मी ते कागदावर उतरवणार नाही. शनिवारी सकाळच्या एसटीनं अर्ज घेऊन तुझ्या दारात येतो. तू सही करशील का?

तुझाच,
नवाब