पाठदुखीसाठी प्रार्थना

प्रिय आई,

तुला आता नीट दिसत नाही, पत्रं वहिनीच वाचून दाखवते. म्हणून हे मी पोस्टात टाकणार नाही.

अकरा वर्षं तू दर रविवारी चर्चच्या पेटीत चिठ्ठी टाकलीस, ‘धाकटीची पाठदुखी बरी व्हावी.’ सगळी मंडळी मनापासून प्रार्थना करायची. त्यांच्या कृपेने माझी पाठ ठणठणीत आहे. कारखान्यात दहा-दहा तास शिलाई मशीनवर वाकून बसते, कधी कुरकुर नाही. दुखणं डोक्यात होतं, ते मात्र तू कुणाला कळू दिलं नाहीस.

तू दादाकडे राहायला गेलीस आणि गेल्या रविवारी चिठ्ठी मी लिहिली. ‘मला मरावंसं वाटतं. गोळ्या चालू आहेत. प्रार्थना करा.’ खाली नाव घातलं. पाळकांनी ती सगळ्यांसमोर वाचली आणि चष्मा पुसत बसले. शेजारची बाई हळूच लांब सरकली. कुणी आमेन म्हणेना. शेवटी मीच उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले.

मरावंसं अजूनही वाटतं, आई. पण आता प्रार्थनेला बसले की देवापासून काही लपवावं लागत नाही. तेवढ्यावर रोज सकाळी उठते.

एक विचारू? मी लहान असताना तू आठ-आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचीस. ‘गुडघे धरलेत,’ म्हणायचीस. नवव्या दिवशी उठून तीन मजले धावत उतरायचीस.

गुडघेच होते ना?

तुझी,
धाकटी